नाशिक दोन दिवसांत कसे पाहावे: लेणी, पंचवटी आणि द्राक्षे

नाशिकला जायचे ते जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. "बारा महिने केव्हाही या" हा सल्ला देवदर्शनापुरता ठीक आहे, द्राक्षांसाठी साफ चुकीचा. इथल्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी. त्यामुळे जुलैत बागेत गेलात तर मांडव हिरवागार दिसेल आणि घड एकही नसेल.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नाशिक रोड स्थानक जुन्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे. मुक्काम शहरातच करा.

पहिल्या दिवशी सकाळी, लेणी उघडताच, पांडवलेणी, म्हणजे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, गाठा. संध्याकाळी सूर्यास्त बघायला म्हणून इथे पाठवणाऱ्यांचे ऐकू नका. चढण साधारण वीस मिनिटांची आहे, पण मुद्दा दमण्याचा नाही, उजेडाचा आहे. कोवळे ऊन तिरपे पडते आणि कोरीव काम उठून दिसते. दुपारनंतर त्याच भिंती सपाट वाटतात.

बहुतेकांचे चुकते ते यापुढे. लेण्यांवर क्रमांक आहेत, म्हणून लोक १ पासून सुरुवात करतात, दहाव्यापर्यंत कंटाळतात आणि "सगळी सारखीच" म्हणून खाली उतरतात. हे क्रमांक डोंगरावरच्या जागेचे आहेत, काळाचे नाहीत. चोवीसच्या चोवीस बघण्याचा अट्टहास सोडा. १९, १८, १०, ३ या क्रमाने चार बघा आणि त्यांना दोन तास द्या.

१९ क्रमांकाचे लेणे १८ च्या शेजारी, जरा खालच्या पातळीवर आहे. लहान असल्याने लोक ते ओलांडून जातात. सातवाहन राजा कण्ह (कृष्ण) याच्या काळात नाशिकच्या महामात्राने (वरिष्ठ अधिकाऱ्याने) ते कोरवले, असे तिथलाच शिलालेख सांगतो. इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी हे एक. मधला चौक, तीन बाजूंना दोन-दोन खोल्या, बस एवढेच. १८ हे इथले एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे लेणे. बाहेरची कमान आधी दहा पावले मागे सरकून बघा, मग आत जा.

आता १० आणि ३. ही जोडी समजली की पांडवलेणी समजली. १० क्षहरात घराण्यातला शक राज्यकर्ता (क्षत्रप) नहपान याच्या काळातले, त्याचा जावई उषवदात याने बौद्ध भिक्षूंना दिलेले. ३ सातवाहनांचे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दिलेले. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला होता. जिल्ह्यातल्याच जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला आहे. दोन्ही लेणी बघताना ही नाणी डोक्यात ठेवा.

१० च्या ओसरीचे खांब आधी बघा: खाली घटासारखी बैठक, वर घंटेसारखा भाग आणि त्यावर प्राणी. मग ३ समोर उभे राहा. रचना तीच उचललेली, पण खांब कट्ट्यामागून वर येतात आणि साऱ्या दर्शनी भागाचा भार सहा धिप्पाड पुरुषांनी खांद्यावर पेललेला आहे. आत ३ च्या मागच्या भिंतीवर स्तूप शाबूत आहे. १० मध्ये त्याच जागी स्तूप होता, तो पुढे कधीतरी तासून भैरव कोरला गेला. एक बघून लगेच दुसरे बघितले तरच हा फरक कळतो, मध्ये पाच लेणी घातलीत तर हातचा जातो.

लेख वाचायला फ्लॅश वापरू नका, समोरून पडणारा उजेड अक्षरे पुसून टाकतो. मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या कडेला धरून आडवा उजेड टाका, खाचांत सावली साचते आणि ब्राह्मी अक्षरे उभी राहतात. १० मध्ये ओळीच्या सुरुवातीचा "सिधं" हा मंगल शब्द शोधा. मग "न" हे अक्षर शोधा: आडवी रेघ आणि तिच्या मध्यावर उभी रेघ. नहपानाच्या नावात तो दोनदा येतो. अक्षरांवर खडू फिरवणे, पाणी शिंपडणे, बोट घासणे कटाक्षाने टाळा. उषवदाताच्या दानात ३,००० कार्षापणे (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवल्याची नोंद आहे, व्याजाच्या दरासकट. शिवाय नारळीची ८,००० झाडे. फळबागेला तेव्हाही एवढी किंमत होती!

दुपारी पंचवटी, तिथे फिरायचे पायीच. रामकुंड, दुतोंड्या मारुती (पुराचे पाणी याच्या कुठवर आले त्यावरून नाशिककर पूर मोजतात), नारोशंकराचे मंदिर, मग काळाराम. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच काळारामापाशी सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी द्राक्षबागांसाठी ओझर, पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या बाजूला जा. बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका. फवारणी झाली असेल तर मणी तोडून तोंडात टाकणे धोक्याचे आहे.

घेताना घडाच्या अगदी टोकाचा मणी धुऊन चाखा. तो सगळ्यांत शेवटी गोड होतो, म्हणजे तो गोड तर घड गोड. वरचा मणी चाखायला देणाऱ्याला टोकाचा मागा. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे "घरी दोन दिवसांत गोड होईल" यावर विश्वास ठेवू नका. देठ हिरवा हवा, मण्यांवर पांढुरका थर शाबूत हवा. पिशवीत नको, उथळ खोक्यात एकाच थरात ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नको. धुवायची ती खाण्याच्या वेळीच, ओली ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी देठापाशी सडायला लागतात.