कापसाच्या हिशोबाची स्क्रिप्ट लिहिताय? मग या चुका टाळा

शेतकरी गटाचा नाहीतर जिनिंगचा हिशोब आता गावातले बरेच पोट्टे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत करतात, लय भारी गोष्ट आहे, पण पुढच्या हंगामात तीच फाइल उघडली की लिहिणाऱ्यालाच कळत नाही की हे असं काहून केलं होतं.

सगळ्यात महागात पडते ती कोडमध्ये आकडे कोंबायची सवय. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७५२१ रुपये होता, २०२५-२६ ला ८११० झाला. आता ७५२१ स्क्रिप्टमध्ये पाच जागी असला आणि तुम्ही चारच बदलले तर काही जणांचं पेमेंट जुन्या भावानं निघणार, आणि एरर काहीच येत नाही बरं का, शेतकरी पावती घेऊन आला की मगच समजतं. म्हणून भाव, ओलाव्याची १२ टक्के मर्यादा हे सगळं फाइलच्या वरती एकाच जागी, कॅपिटल अक्षरांत नाव देऊन ठेवा. खाली नुसता १२ दिसला तर तो ओलावा की महिने, कोण सांगणार?

दुसरं म्हणजे नावं. मराठी नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केली तर काही बिघडत नाही, पण ‘वजन’ हे नाव फाइलीत वर व्ही-नं आणि खाली डब्ल्यू-नं लिहिलं की पायथॉनसाठी ती दोन वेगळी व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचे दोन वेगळे डबे. काट्यावरचं वजन व्ही-वाल्यात घेतलं, कटती वजा करून उत्तर डब्ल्यू-वाल्यात ठेवलं आणि भावानं गुणताना परत व्ही-वालंच घेतलं, तर कटती झालीच नाही. एकच स्पेलिंग ठरवा.

आणि एक्सेप्टच्या (एरर पकडायची ओळ) खाली पास (काही न करता पुढं जा) लिहिणं कृपा करून बंद करा! एखाद्या ओळीत वजनाच्या जागी डॅश असला की ती ओळ गुपचूप गळते, म्हणजे एका माणसाचा कापूस हिशोबातूनच गायब, मला हे बघून खरंच राग येतो. फक्त व्हॅल्यूएरर, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच आल्याची एरर, पकडा, ओळीचा नंबर प्रिंट करा, आणि शेवटी किती ओळी वाचल्या अन् किती हिशोबात आल्या तेही दाखवा.

ओळीच्या सुरुवातीला टॅब-स्पेस मिसळू नका, पायथॉन ३ टॅबएरर देऊन थांबतं, पेप ८ या पायथॉनच्या लिखाणाच्या नियमावलीप्रमाणे चार स्पेस ठेवा, एडिटर ते आपोआप करतो. कमेंटमध्ये कोड काय करतो ते नको, तसं का केलं ते लिहा.

फायनल, फायनल२, फायनल_नवीन अशा फाइली साठवण्यापेक्षा गिट वापरा, ते फाइलीतल्या बदलांची नोंद ठेवतं, कमिट (बदल नोंदवून ठेवणं) करायला नेट लागत नाही, गावात रेंज नसली तरी चालतं.