परसबागेतल्या माश्या-भुंग्यांना कसं जपायचं

लाल कोहळ्याच्या वेलावर फुलं भरपूर येतात, पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. मग आपण खत वाढवतो, नाहीतर फवारणी करतो. त्याआधी गळालेलं फळ हातात घेऊन बघा. सालीवर टोचल्याची खूण आणि आत अळी असेल, तर ते फळमाशीचं काम. तसं काही नसेल, तर बहुतेक वेळा मादी फुलापर्यंत पराग पोचलेलाच नसतो. कोहळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर फळ धरत नाही.

म्हणून पहिलं काम बघण्याचं. सकाळी ७ ते ९ च्या दरम्यान वेलाजवळ थोडं थांबा. सातेरी आणि बारकी फुलोरी या मधमाश्या ओळखीच्या असतात. वांग्याजवळ मात्र जरा जास्त वेळ उभे राहा. काळा भुंगा फुलाला लटकला की त्याच्या वजनानं फूल वाकतं आणि त्याची गुणगुण एकदम बारीक, तीव्र होते. तो अंग थरथरवून पराग झाडत असतो. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं, पराग तिथूनच बाहेर येतो. पोटावर निळसर पट्टे असलेली एक माशीही हेच करते. मधमाशीला ते जमत नाही. भुंगा दिसला की झाडू घेऊन धावणाऱ्यांनी हे एकदा तरी बघावं.

माश्या दिसल्याच नाहीत, तर तात्पुरता उपाय हातानं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फुलाच्या खाली इवलं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. हे ९ च्या आत उरका.

खरा उपाय म्हणजे बारा महिने काहीतरी फुलत ठेवणं. सांबार (कोथिंबीर), मेथी, मोहरी, मुळा यांची दोन-चार झाडं न उपटता फुलू द्या. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. झेंडू गावठी, एकेरी पाकळ्यांचा लावा. भरगच्च झेंडूत माशीच्या हाती फारसं लागत नाही. जागा असेल तर मुनगा, कढीपत्ता, लिंबू. बांधावरची एकदांडी दिसली की खुरपायची घाई नको. दोडकं आणि लवकी संध्याकाळी फुलतात, लवकीवर रात्री पतंग येतात. त्यामुळे मांडवावर रात्रभर बल्ब जळत ठेवू नका.

पुढचं काम राहायच्या जागेचं. सगळ्याच माश्या पोळं बांधत नाहीत. कित्येक एकट्या राहतात, जमिनीत नाहीतर मातीच्या भिंतीत बीळ करतात. अंगणाचा एखादा उन्हाचा कोरडा कोपरा खणू नका, त्यावर फरशी घालू नका. बांबूच्या वीतभर कांड्या कापा. छिद्रं पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक, एक टोक पेराशी बंद. दहा-पंधरा कांड्यांची मोळी पावसाचं पाणी लागणार नाही अशी वळचणीला आडवी बांधा, तोंड पूर्वेला. तोंडं माती किंवा पानांच्या तुकड्यांनी बंद झाली, की आत अंडी आहेत. मग तिला हात लावू नका. गुलाबाच्या पानाला गोल काप दिसले, तर ते याच कामासाठी नेलेले असतात. त्यावर औषध मारायची गरज नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माश्या पोळं गार ठेवायला पाणी नेतात. मातीच्या परळात गोटे ठेवून ते बुडणार नाहीत इतकंच पाणी घाला. गोटे नसले तर माश्या बुडून मरतात. सावलीत ठेवा आणि रोज बदला.

आता औषधाचं. कपाशीवर फवारून उरलेलं औषध भाजीवर मारायची सवय आपल्या भागात आहे, ती सोडाच. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडात भिनतं आणि फुलातल्या मधात, परागात उतरतं. भाजी तर आपल्याच ताटात येते. वेलावरच्या फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा, त्यात मधमाशी अडकत नाही. मावा असेल तर ५० ग्रॅम वाटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि दिवस मावळल्यावर फवारा, फुलं टाळून. शेजारच्या वावरात फवारणी असेल तर त्यांनाही संध्याकाळी करायची विनंती करा. त्यांच्या तुरीवरही याच माश्या येतात.

निंबाच्या उंच फांदीवर आग्या मोहोळ बसलं तर टेंभा लावू नका. त्याखाली धूर करू नका आणि पोरांना दगड मारू देऊ नका. फुलोरा सरला की ते आपणहून उठून जातं. अगदी दाराशी बसलं असेल, तर मोहोळ न जाळता काढणाऱ्या माहितगाराला बोलवा.