ब्लॅक रॉक वाळवंटात सेन्सरला माणूस दिसेना

नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅन या कलामहोत्सवासाठी आम्ही एलईडीचे खांब उभारले होते. माणूस जवळ आला की उजळणारे. रात्री झकास चालायचे, पण संध्याकाळी ढिम्म. त्यांत बसवलेला पीआयआर (उष्णतेचे अवरक्त किरण टिपणारा) सेन्सर माणूस आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक ओळखतो. जमीन अंगाइतकीच तापलेली असली की फरक उरतच नाही. त्यात लेन्सवर धुळीचा थर. मग रेडिओ लहरींनी हालचाल टिपणारा २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर बसवला. त्याला प्लास्टिकच्या आरपार दिसतं, म्हणून डबा पूर्ण सीलबंद करता आला (झाकण धातूचं मात्र नको). फडफडणारं कापडही त्याला माणूसच वाटतं, तेव्हा झेंडे लांब हलवले. तिथली धूळ अल्कधर्मी, कनेक्टर गंजवणारी; पातळ व्हिनेगरने पुसून, वाळवून मगच जोडा.