जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना नीट कशी बघायची

पहिल्यांदा अँपला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) लावूच नका. गिटार मांडीवर घ्या आणि पाच-दहा मिनिटं तशीच वाजवा, एक कॉर्ड मारून सूर किती वेळ टिकतो ते ऐका, बॉडी पोटाशी थरथरते का बघा. अँप लावला की आवाज इतका भरून येतो की लाकडाचं काय चाललंय ते कळतच नाही.

मग नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटला एकदम दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण कागदाएवढी फट दिसली की बरं. जास्त असेल तर ट्रस रॉडचा (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईचा) नट अजून फिरतो का हे विक्रेत्याला विचाराच, तो पूर्ण आवळून संपलेला असेल तर काम खर्चिक आहे.

गिब्सन कंपनीची असेल तर हेडस्टॉकच्या (तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे, तो नेकला मिळतो तिथे बोट फिरवा. तिथे महॉगनी पातळ, त्यातून ट्रस रॉडसाठी खाच पाडलेली आणि हेडस्टॉक बहुतेकदा 17 अंशात मागे झुकलेला, म्हणून स्टँडवरून पडली की नेमकी तिथेच तुटते. केसाएवढी रेघ दिसली तरी दिवा तिरका धरून परत बघा. नीट चिकटवलेली गिटार झकास वाजते, मी बिनधास्त घेईन, पण भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे.

रंगावर मात्र वेळ घालवा. जुनं नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं वार्निश) पातळ असतं, वर्षानुवर्षं पिवळं पडतं, गारठ्यात बारीक भेगा जातात. यूव्ही टॉर्च अंधारात मारली की ते हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला रंग वेगळाच दिसतो. मी एकदा टॉर्च न नेता एक लाल गिटार घेतली, सुंदर होती, घरी आल्यावर कळलं की सगळी परत रंगवलेली. मूळ रंग गेला की किंमत निम्म्याच्या आसपास येते असं जाणकार धरून चालतात. फेंडर कंपनीबद्दल एक लक्षात ठेवा, 1968 च्या सुमारास त्यांनी जाड पॉलिस्टरचा थर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्यानंतरची तशी चमकली नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका.

आतलं बघायला परवानगी मागा. पॉटवर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागावर) 304 6320 असं असेल तर 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, 63 म्हणजे 1963 आणि 20 वा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते, कारण पॉट साठ्यात पडून राहायचे. सोल्डर जुनं, मळकट आणि न छेडलेलं हवं. नुसत्या सिरियल नंबरवर विसंबू नका, गिब्सनने साठच्या दशकात तेच नंबर परत वापरलेत. फेंडरचा नेक काढता आला तर टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) तारीख लिहिलेली किंवा शिक्का मारलेला सापडू शकतो, पण आधी तारा सैल करा.

फ्रेट बदललेले असले तर मला उलट आनंदच होतो, म्हणजे गिटार कोणीतरी मनापासून वाजवलीये. हाताखाली झिजलेली कड, नेकच्या मागे उडालेलं लॅकर, हे तसंच राहू द्या. घासून पुसून चकचकीत करू नका, स्पिरिट तर लॅकरला अजिबात लावू नका, आणि स्टँडचं रबर थेट नायट्रोला टेकत असेल तर मध्ये सुती कापड गुंडाळा, नाहीतर लॅकर वितळून चिकटतं.