इलेक्ट्रिक गाडीच्या काचेतून नीट दिसत नसेल तर काय तपासायचं

काचेची तक्रार घेऊन गाडी वर्कशॉपमध्ये आली की मी आधी एवढंच विचारते: काच आतून धूसर होते की बाहेरून? बहुतेक जण गोंधळतात, कारण सीटवर बसून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. म्हणून गाडी थांबवा आणि काचेच्या आतल्या बाजूने एक बोट ओढा. बोटामागे स्वच्छ, ओली रेघ उमटली तर वाफ आत धरली आहे. काहीच फरक पडला नाही तर ती बाहेर आहे. आणि बोट घसरून चरबट फराटा उमटला, तर तो ओलावाच नव्हे, काचेवर बसलेला थर आहे.

बाहेरच्या वाफेचं काम सोपं. हवा दमट असते, एसीने काच गार पडते आणि बाहेरचं बाष्प तिच्यावर जमतं. वायपर एकदा फिरवा, काचेकडे जाणारी हवा दुसरीकडे वळवा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. एवढ्यावर भागतं.

आतली वाफ

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांत बिघाड काहीच नसतो. पेट्रोल-डिझेल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता हीटरला फुकट मिळते. इलेक्ट्रिक मोटर तेवढी तापत नाही, त्यामुळे गरम हवेसाठी मोठ्या बॅटरीतली वीज खर्च होते. काही गाड्यांत ती पीटीसी हीटरमध्ये (विजेवर तापणारा हीटर) जाते, काहींत हीट पंपमध्ये (एसी उलटा चालवल्यासारखा बाहेरची उष्णता आत आणणारा पंप), काहींत दोन्हींत. हे कळलं की माणूस रेंज वाचवायला लागतो. एसी बंद, हीटर बंद, गाडी इको मोडवर आणि रीसर्क्युलेशन, म्हणजे बाहेरची हवा न घेता आतलीच हवा फिरवणं, चालू. मग आत बसलेल्यांचा श्वास, ओले कपडे, पायाखालची ओली चटई, हा सगळा ओलावा आतल्या आत फिरत राहतो आणि समोरच्या गार काचेवर जाऊन बसतो.

काच साफ करण्याचं मोठं काम एसीच करतो, थंडीतसुद्धा. हवा आधी एसीच्या गार कॉइलवरून जाते, तिथे तिच्यातलं पाणी गळून पडतं, मग ती कोरडी हवा हीटरमध्ये तापून काचेवर येते. म्हणजे एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू हवेत. पुढच्या काचेच्या डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की बहुतेक गाड्या हे सगळं आपोआप करतात: बाहेरची हवा घेतात, एसी लावतात, पंखा वाढवतात, झोत काचेकडे वळवतात. कडाक्याच्या थंडीत मात्र एसीला हवा कोरडी करता येत नाही, तेव्हा गरम हवा आणि बाहेरची कोरडी हवा यांच्यावरच काम भागवावं लागतं. म्हणून थंडीत रीसर्क्युलेशन तर अजिबात नको.

रेंजची भीती वाटते ना? मग हिशोब करून पाहा. हीटरने पूर्ण ५ किलोवॅट ओढले आणि तो ५ मिनिटं चालला, तरी जेमतेम ०.४ युनिट खर्च होतं. १०० किलोमीटरला १५ युनिट खाणाऱ्या गाडीत हे तीन किलोमीटरही भरत नाही. एवढ्यासाठी धूसर काचेने गाडी चालवू नका, हे मी प्रत्येक गाडी परत देताना सांगते. आणि घरून निघताना गाडी चार्जरला लावलेली असेल तेव्हाच काच गरम करून घेतली, तर ती वीज बहुतेक चार्जरकडूनच येते, गाडीच्या बॅटरीतून फारशी जात नाही.

हे करूनही काच निवळत नसेल तर खराबी शोधायची. गाडी उभी ठेवा, एसी बंद करा, तापमान सगळ्यात वर न्या, पंखा मध्यम ठेवा. पीटीसी हीटरच्या गाडीत मिनिटभरात हवा कोमट लागायला हवी, हीट पंपला थोडा जास्त वेळ लागतो. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार हवा येत असेल, डॅशबोर्डच्या मागून टकटक ऐकू येत असेल, तर हवा वळवणाऱ्या झडपेची छोटी मोटर गेलेली असते. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. तो पानं आणि धुळीने भरून दगडासारखा झालेला असतो, आणि बदलायला फारसा वेळ लागत नाही. पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघा. पाणी निघालं तर एसीच्या पाण्याचा निचरा तुंबला आहे किंवा काचेच्या कडेने पाऊस आत येतोय. गोडसर वास आणि काचेवर चिकट थर असेल तर हीटरचं कूलंट गळत असण्याची शक्यता धरा. अशी गाडी लगेच दाखवा.

कधीकधी दोष सॉफ्टवेअरमध्येही असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेत २६,६८१ गाड्यांचा रिकॉल काढला होता, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी त्या परत बोलावल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या चुकीने हीट पंपातली एक झडप नको तेव्हा उघडत होती, एसीचा गॅस आतच अडकत होता आणि समोरच्या काचेवरचं दव-बर्फ नीट वितळत नव्हतं. दुरुस्तीही सॉफ्टवेअर अपडेटनेच झाली. म्हणून अपडेटची सूचना लांबणीवर टाकू नका. आणि एखाद्या अपडेटनंतरच काच धूसर व्हायला लागली असेल, तर ती तारीख लिहून ठेवा.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. एसीचा गॅस भरायला कुठेही जाऊ नका. इलेक्ट्रिक गाडीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, त्याच्या आतच उच्च दाबाच्या विजेवर चालणारी मोटर असते आणि ती कॉम्प्रेसरच्या तेलात भिजलेली असते. त्यामुळे तिथे सहसा वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल त्या यंत्रणेत गेलं की इन्सुलेशन उतरतं. मग कॉम्प्रेसर तर जातोच, शिवाय गाडी वीजगळतीची चूक दाखवून सुरूच होत नाही, असंही होतं. गॅस भरणाऱ्याला आधी विचारा: इलेक्ट्रिक गाडीसाठी मशीन वेगळं आहे का, नसेल तर आधीचं तेल त्यातून धुऊन काढता का? उत्तर द्यायला तो चाचरला तर गाडी परत फिरवा. आणि बॉनेटखालच्या केशरी केबल्सना स्वतः कधीही हात लावू नका.

वायपर

मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आहे आणि वायपर मात्र दमल्यासारखा फिरतोय, असं दिसलं की लोकांना पटत नाही. पण बहुतेक गाड्यांत वायपर, वॉशरचा पंप आणि दिवे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. तिला चार्ज करायला अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतली वीज कमी व्होल्टवर आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ते काम करतो. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर गाडी काही तास बंद राहिल्यावर मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, गाडी सुरू केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास. सुरू केल्यावरही आकडा १२ च्या घरातच घसरत राहिला तर कन्व्हर्टर तपासून घ्या. चालत्या गाडीत बॅटरीचा इशारा लागला, वायपर मंदावला, दिवे फिके पडले तर घरापर्यंत पोचू असं मनात आणू नका. पहिल्या सुरक्षित जागी थांबा.

वायपर बंद पडला की आधी कान द्या. मोटरचा आवाज येतो पण एक पातं हलत नाही, तर त्या आर्मच्या मुळाशी असलेला नट ढिला झालेला असतो. टोपण काढलं की तो दिसतो. आवाजच नाही आणि दोन्ही पाती थिजलेली, तर फ्यूज बघा. नवा फ्यूज लगेच उडाला तर त्याच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका, मोटर कुठेतरी अडली आहे किंवा जळते आहे. पाती काचेला बर्फाने चिकटलेली असताना वायपर लावला की हेच होतं, म्हणून थंडीत गाडी बंद करण्याआधी ऑटो वायपर बंद करा. मोटरच्या कंट्रोलरमध्येच दोष असू शकतो. जून २०२४ मध्ये टेस्लाच्या सायबरट्रक या पिकअपच्या ११,६८८ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या गेल्या. प्रमाणापेक्षा जास्त करंट जाऊन समोरच्या एकुलत्या एक वायपरचा कंट्रोलर बंद पडत होता.

पाती बदलताना आर्म ओढून उभे करायला जाल तर बऱ्याच गाड्यांत बॉनेटची कड आडवी येते आणि रंग खरवडतो. स्क्रीनवरच्या मेनूत किंवा स्टिअरिंगजवळच्या दांडीवर वायपरचा सर्व्हिस मोड असतो. तो लावला की पाती काचेच्या मधोमध येऊन थांबतात. रबराच्या कडेवरून नखाने हलकेच फिरवून बघा. कड एका बाजूला मुडपलेली किंवा दातेरी लागली तर पुसूनही उपयोग नाही, पातं बदला.

ऑटो वायपर वेड्यासारखा वागत असेल तर काच अलीकडे बदलली होती का ते आठवा. रेन सेन्सर काचेच्या आतून इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. कोरड्या काचेवरून तो परत येतो, थेंब असले की कमी येतो. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलचा थर असतो. त्यात हवेचा बुडबुडा राहिला की कोरड्या काचेवरही वायपर फिरतो. टेस्लासारख्या गाड्यांत हा वेगळा सेन्सर नसतो, कॅमेराच पाऊस ओळखतो. तिथे कॅमेऱ्यापुढची काच स्वच्छ हवी. काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका; लेनमध्ये राहायला आणि ब्रेक लावायला गाडी जी मदत करते ती त्याच्यावरच चालते.

वायपरचं बटण कुठे आहे, हे पाऊस येण्याआधी पाठ करा. जर्मनीत एका चालकाने वायपरचा वेग टचस्क्रीनवर बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली, आणि २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने त्याचा २०० युरो दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम ठेवली. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासूनच्या गुणांकनात वायपर, इंडिकेटर, हॉर्न, हॅझार्ड आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असावीत असं धरलं आहे. तुमच्या गाडीत वेग स्क्रीनवरच बदलत असेल, तरी एक फेरी मारायचं बटण सहसा दांडीच्या टोकाला असतं. ते हाताला सापडेपर्यंत उभ्या गाडीत सराव करा.

पाणी आणि थर

वॉशरचं पाणी फक्त काच-फवाऱ्याचं चिन्ह असलेल्या टोपणातच भरा. शेजारची टाकी बॅटरीच्या कूलंटची असू शकते, तिच्यात साबणाचं पाणी गेलं तर खर्च आणि धोका दोन्ही मोठे. पंप घुरघुरतो पण पाणी येत नाही, तर नोझलमध्ये बारीक टाचणी घालून बघा, मग बॉनेटखालची नळी निसटली आहे का ते.

चरबट थराची गोष्ट वेगळी. नव्या गाडीतलं प्लास्टिक उन्हात तापून तेलकट वाफ सोडतं आणि ती काचेवर बसते. दिवसा कळत नाही, रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी होते. इलेक्ट्रिक गाड्यांची काच हवा कापण्यासाठी फार तिरकी टाकलेली असते, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात हात जात नाही. शेजारच्या सीटवर बसा, हात उलटा करा, बोटांची पाठ डॅशबोर्डकडे ठेवून कापड काचेवर दाबा आणि बोटांनीच पुढे सरकवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, ते काचेवर न फवारता कापडावर घ्या. एका मायक्रोफायबरने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्याने. कॅमेऱ्याच्या झाकणाखाली जाऊ नका.

चालत्या गाडीत काच एकदम गेली तर

वेग कमी करा, डीफ्रॉस्ट दाबा, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली घ्या. बाहेर पाऊस असला तरी घ्या, आतली ओली हवा बाहेर जाणं जास्त गरजेचं आहे. मग हॅझार्ड लावून बाजूला थांबा. हाताने काच पुसत पुढे जाऊ नका.

वर्कशॉपमध्ये येताना तेव्हाचा फोटो घेऊन या. सोबत बाहेरचं तापमान, आत किती माणसं होती, एसी आणि रीसर्क्युलेशन चालू होतं की बंद, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, एवढं लिहून आणा. गाडी आमच्याकडे येईपर्यंत काच निवळलेली असते आणि मशीनला बऱ्याचदा चूक सापडत नाही. मग शोध तुमच्या या चार ओळींवरूनच सुरू होतो.