फोनची चिप वाचायची कशी? गिगाहर्ट्झ सोडा, कोर बघा

बजेट ठरवा, दोन-तीन मॉडेलं निवडा आणि प्रत्येकाच्या चिपचं (प्रोसेसरचं, म्हणजे फोनच्या मेंदूचं) नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ आणि ७एस जेन २ या दोन्ही चिप २०२३च्या. ‘एस’वाली नंतर आली, तरी ताकदीला बरीच कमी आहे.

आता कोर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग. त्यांच्या ठोक्यांचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. इथेच पैसे वाया जातात, माझेही गेले. आईसाठी फोन घेताना दुकानात सांगितलं गेलं, “आठ कोर, २.३ गिगाहर्ट्झ.” मी दोन्ही आकड्यांवर विश्वास ठेवला. चार महिन्यांत आईची तक्रार सुरू झाली, “फोन लावायला घेतला की आकडेच लवकर येत नाहीत.” मी अ‍ॅप काढली, जागा रिकामी केली, रीसेटही केलं. फरक पडला नाही. मग कोरांची यादी शोधली, तर आठही कोर लहान जातीचे!

लहान कोर सूचना आल्या त्याच क्रमाने पाळतो. घाटातल्या अरुंद रस्त्यावर पुढचा ट्रक थांबला की मागची रांग थांबते, तसं एक सूचना अडली की मागच्याही अडतात. मोठा कोर अडलेली सूचना बाजूला ठेवून तयार असलेली कामं हातावेगळी करतो. त्यामुळे तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये त्याच्याकडून कितीतरी जास्त काम होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. हल्लीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत आर्म कंपनीने आखलेले ‘कॉर्टेक्स’ नावाचे कोर असतात. ‘कॉर्टेक्स-ए’नंतरचा पहिला आकडा ५ असेल (ए५३, ए५५, ए५१०) तर कोर लहान, ७ असेल (ए७६, ए७८, ए७२०) तर मोठा. ‘कॉर्टेक्स-एक्स’ त्याहून वरचा. मीडियाटेक कंपनीच्या हेलिओ पी३५ चिपमध्ये आठही ए५३ आहेत, वेग २.३ गिगाहर्ट्झपर्यंत. हेलिओ जी९९मध्ये दोन ए७६ आणि सहा ए५५, वेग २.२. कागदावर पी३५ पुढे दिसते, हातात जी९९ कितीतरी चपळ. (जी९९ला ५जी मात्र नाही.) माझा नियम ठाम आहे: किमान दोन कोर ए७६ किंवा त्यावरचे नसतील, तर तो फोन घेऊ नका. यादीत ‘क्रायो’ (क्वालकॉमने कोरांना दिलेलं नाव) लिहिलेलं असेल तर त्यामागचं कॉर्टेक्सचं नाव शोधा. आयफोनचे कोर अ‍ॅपलचे स्वतःचे असतात, तिथे ही खूण चालत नाही.

चिप किती बारीक तंत्राने बनवली ते सांगणाऱ्या नॅनोमीटरच्या एकट्या आकड्यावरही विसंबू नका. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या आणि ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यातली. दोन्ही ४ नॅनोमीटरच्या, पण दुसरी कमी वीज खाते आणि कमी तापते.

स्टोरेज यूएफएस (वेगवान प्रकार) हवं, ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) नको. ‘व्हर्च्युअल रॅम’, म्हणजे स्टोरेजचाच भाग रॅमसारखा वापरणं, हिशेबात धरू नका.

शेवटी दुकानातल्या डेमो फोनवर दहा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करा आणि पाठीला हात लावून बघा. चटका बसला तर यादीतला पुढचा फोन मागा.