रानपिंगळा ओळखायचा तर आधी पोट बघा

सागाच्या रानात भरदिवसा उघड्या फांदीवर छोटं घुबड दिसलं, की "रानपिंगळा!" म्हणायची घाई होते. जरा थांबा. त्याच रानात नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा असतो, जंगल पिंगळाही असतो, आणि दोघेही दिवसा दिसू शकतात. आकारावर तर जाऊच नका. रानपिंगळा साधारण 23 सेंटिमीटरचा, ठिपकेवाला 21 चा. थंडीत पिसं फुगवून बसलेल्या पक्ष्यात हा फरक डोळ्यांना कळत नाही.

दुर्बीण लावली की आधी पोट बघा. रानपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग तपकिरी असते, कुशीला आडवे पट्टे, आणि खालचं पोट स्वच्छ पांढरं, एकही डाग नाही. पायही दाट पांढऱ्या पिसांनी भरलेले. ठिपकेवाल्याचं पोट तपकिरी खुणांनी भरलेलं असतं. मग डोकं आणि पाठ: रानपिंगळ्याची जवळजवळ कोरी, ठिपकेवाल्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके. जंगल पिंगळा डोक्यापासूनच बारीक पट्ट्यांचा. रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, आणि ती शेपटी तो झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो.

सगळ्यात जास्त फसगत डोक्यापाशी होते. कडक उन्हात ठिपके पुसट दिसतात आणि साधा पिंगळा 'कोरा' वाटतो. म्हणून एकाच खुणेवर नोंद करू नका. पोट आणि डोकं दोन्ही दिसायलाच हवेत. 1884 नंतर हा पक्षी थेट 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून दाखवलेले फोटो ठिपकेवाल्याचे निघाले होते.

मेळघाट, तोरणमाळ, यावल, तानसा इथे हिवाळ्यातली सकाळ धरा. ऊन खायला तो शेंड्याकडच्या बोडक्या फांदीवर येतो, आणि तिथूनच खाली सरडे, सापसुरळ्या, उंदीर हेरतो. सागाची पानं गळू लागली की शोधणं सोपं जातं.

पण याच दिवसांत झाडाच्या ढोलीत त्याची अंडी-पिल्लं असतात, म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज अजिबात वाजवू नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो शिकार सोडून त्याच्यामागे लागतो आणि पिल्लं उपाशी राहतात. पक्षी ढोलीकडे जाताना वारंवार अडखळला, तुमच्याकडे टक लावून बसला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. फोटो टाकताना ढोलीचं नेमकं ठिकाण लिहू नका.